मोटारचालनाची खेळयंत्रे : स्टिअरिंग व पेडल नियंत्रणे

मोटार चालविण्याची नक्कल करणाऱ्या व नाणे टाकून चालू होणाऱ्या खेळयंत्रांत खेळाडूच्या हाताची व पायाची हालचाल यंत्रापर्यंत पोहोचविणारी जी साधने असतात, त्यांत स्टिअरिंग, अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक, क्वचित क्लच आणि गिअरचा दांडा यांचा समावेश होतो. ही यंत्रे प्रामुख्याने अमेरिका व जपान या देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाली. त्यांपैकी बहुतेकांचे उत्पादन केव्हाच थांबले असून आता त्यांच्या आज्ञावली घरगुती संगणकावर अनुकरणी प्रणालीच्या म्हणजेच एम्युलेटरच्या साहाय्याने चालविता येतात. मूळ यंत्रातील स्मृतिकांमध्ये साठविलेली आज्ञावली जशीच्या तशी उतरवून घेता येते. परंतु ती आज्ञावली ज्या हातापायांच्या हालचालींसाठी लिहिली गेली, त्यांची मापे स्मृतिकांत नोंदविलेली नसतात. स्टिअरिंग किती अंश फिरत असे, ते आपोआप मध्यावर येत असे की नाही, पेडल किती दाबल्यावर पूर्ण वेग मिळत असे, या गोष्टी लाकडी कपाटात, लोखंडी स्प्रिंगेत आणि कार्बनच्या पट्टीत होत्या. त्यामुळे संगणकावर असा खेळ उभा करताना नियंत्रणांची जुळणी वेगळी व विचारपूर्वक करावी लागते. ही जुळणी चुकली, तर चित्र व ध्वनी तंतोतंत असूनही खेळ मूळचा राहत नाही.

प्रारंभीची यंत्रे : चालनाचा खेळ दूरचित्रवाणीच्या पडद्याहून जुना आहे. इंटरनॅशनल म्यूटोस्कोप रील कंपनीच्या ‘ड्राइव्ह मोबाइल’ (१९४१) या अमेरिकन यंत्रात फिरत्या दंडगोलावर रस्ता रंगविलेला असून त्यावरील छोटी मोटार खेळाडू स्टिअरिंगने रस्त्यावर राखीत असे. येथे स्टिअरिंग व मोटार यांचा संबंध सरळ यांत्रिक स्वरूपाचा होता. मध्ये कोणतेही मापन नव्हते. जपानमधील कान्साई सेइकी सेइसाकुशो, म्हणजे कास्को, या कंपनीने १९६८ मध्ये ‘इंडी ५००’ हे यंत्र काढले. त्यात रंगीत चकत्यांमधून दिव्याचा प्रकाश पाठवून पडद्यावर मोटारींची चित्रे पाडली जात. याच धर्तीवर शिकागो कॉइन या अमेरिकन कंपनीने १९६९ मध्ये ‘स्पीडवे’ बाजारात आणले. ही यंत्रे विद्युत्-यांत्रिक होती. ती चालविण्यासाठी मोटारी, पट्टे व दिवे लागत, आणि दुरुस्तीसाठी सदैव हाताशी असलेला कारागीरही लागे.

पडद्यावरचा पहिला महत्त्वाचा चालन-खेळ म्हणजे अटारी कंपनीचा ‘ग्रॅन ट्रॅक १०’ (१९७४). त्यात स्टिअरिंग, अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक आणि गिअर ही चारही साधने होती, म्हणजे पुढे रूढ झालेला साचा पहिल्याच प्रयत्नात जवळजवळ पूर्ण झाला होता. (यंत्राची किंमत उत्पादनखर्चाहून कमी ठरविली गेल्यामुळे कंपनीला त्यात तोटा झाला, ही गोष्ट वेगळी.) या यंत्रात सूक्ष्मप्रक्रियक नव्हता. सुट्या तर्कमंडलांची जोडणी हीच त्याची आज्ञावली होती. त्यामुळे उतरवून घेण्यासारखी आज्ञावली अशा यंत्रात नसते, आणि संगणकावर त्याचे अनुकरण करावयाचे तर संपूर्ण विद्युत् मंडलाचीच प्रतिकृती गणिताने चालवावी लागते. त्याच वर्षी जपानच्या ताइतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पीड रेस’ हा खेळ रचला. पुढे ‘स्पेस इन्व्हेडर्स’मुळे (१९७८) जगप्रसिद्ध झालेले निशिकादो हेच होत.

अटारीच्या ‘नाइट ड्रायव्हर’ (१९७६) या खेळात रात्रीच्या रस्त्यावरील पांढरे खांब खेळाडूच्या दिशेने धावत येतात. त्यात ६५०२ हा सूक्ष्मप्रक्रियक होता. त्याची आज्ञावली आज उपलब्ध आहे. मात्र खेळाडूची मोटार त्या आज्ञावलीत नाही. ती छापील प्लॅस्टिकच्या तुकड्याच्या रूपाने पडद्याच्या खालच्या कडेला बसविलेली होती. सबंध खेळात ती जागची हलत नसल्याने तिचे चित्र स्मृतीत साठविण्याचे कारण नव्हते, आणि स्मृती त्या काळी महाग होती. केवळ स्मृतिका वाचून ‘नाइट ड्रायव्हर’ जपला असे जो म्हणेल, त्याच्या हाती मोटारीविना रस्ता लागेल. स्टिअरिंगचीही स्थिती याहून वेगळी नाही. फरक इतकाच की, मोटार नाहीशी झालेली डोळ्यांना दिसते, स्टिअरिंगचा गुण नाहीसा झालेला फक्त हातांना कळतो.

स्टिअरिंगचे दोन प्रकार : वरवर पाहता सर्व खेळयंत्रांची स्टिअरिंगे सारखीच दिसत असली, तरी त्यांच्या अंतर्रचनेत मूलभूत भेद आहे. पहिल्या प्रकारात स्टिअरिंगच्या दांड्यावर खाचा पाडलेली चकती बसवितात. चकतीच्या एका बाजूस प्रकाशाचा उगम व दुसऱ्या बाजूस दोन प्रकाशग्राहक असतात. चकती फिरली की प्रकाश आलटून पालटून अडतो व प्रत्येक वेळी विजेचा एक स्पंद निर्माण होतो. दोन्ही ग्राहक खाचेच्या चतुर्थांश अंतराने सरकवून ठेवलेले असल्यामुळे कोणता स्पंद आधी आला यावरून फिरण्याची दिशा समजते. अशा स्टिअरिंगला शेवट नसतो. ते कितीही वेळा एकाच दिशेने फिरविता येते. त्याला मध्यही नसतो. यंत्राला फक्त ‘आता इतके उजवीकडे, आता इतके डावीकडे’ एवढेच कळते. ‘नाइट ड्रायव्हर’, ‘स्प्रिंट २’ (१९७६) आणि नाम्को कंपनीचा ‘पोल पोझिशन’ (१९८२) ही या प्रकाराची ठळक उदाहरणे होत.

दुसऱ्या प्रकारात स्टिअरिंगच्या दांड्याला पोटेन्शिओमीटर जोडलेला असतो. रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याची खुंटी फिरविताना आपण जो घटक फिरवितो तोच हा घटक. व्हिडिओ पार्लरमधील कारागीरही त्याला नुसते ‘पॉट’ म्हणतात. कार्बनच्या वर्तुळाकार पट्टीवरून एक संपर्क-भुजा सरकते व तिच्या स्थानानुसार विजेचा दाब बदलतो. हा दाब सदृश स्वरूपाचा असतो, म्हणजे तो पायरीपायरीने नव्हे, तर सलग बदलतो. परिवर्तक मंडल त्याचे अंकात रूपांतर करते. आठ बिटांच्या परिवर्तकात ० ते २५५ असे २५६ अंक मिळतात. या रचनेत स्टिअरिंगचे प्रत्येक स्थान यंत्राला निश्चितपणे ठाऊक असते. मात्र दोन्ही टोकांना अडणी द्यावी लागते. अन्यथा भुजा पट्टीच्या बाहेर जाऊन पॉट तुटतो. या जातीच्या यंत्रांत स्टिअरिंगची एकूण फिरत सर्वसाधारणपणे २७०° च्या आसपास, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूस १३५° इतकी असे. सेगा कंपनीचा ‘आउट रन’ (१९८६) हा या पद्धतीचा सर्वांत गाजलेला खेळ होय.

या दोन प्रकारांचा खेळाच्या स्वरूपावर झालेला परिणाम लहानसहान नाही. मध्य नसलेल्या स्टिअरिंगवर खेळाडू वळणावर चाक झटक्याने फिरवितो, तळहाताने त्याला गरगर फिरू देतो आणि पुन्हा पकडतो. त्याचे लक्ष पडद्यावरील मोटारीकडे असते. चाकाची वरची बाजू कोठे आहे हे त्याच्या गावीही नसते. मध्य असलेल्या स्टिअरिंगवर मात्र हाताला स्थानाची आठवण राहते. वळण संपताच चाक सैल सोडले की, स्प्रिंग ते सरळ करते. खऱ्या मोटारीत हे काम पुढील चाकांच्या आसाला दिलेला कल व रस्त्याचे घर्षण यांमुळे होते. यंत्रात ती जबाबदारी स्प्रिंगेवर असते, आणि स्प्रिंग थकली की मोटार सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते.

खऱ्या वाहनाशी तुलना केल्यास आणखी एक भेद ध्यानात येतो. धुळे शहर हे मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर या दोन महामार्गांच्या नाक्यावर वसले आहे. त्यांपैकी आग्रा रस्ता पांझरा नदी ओलांडून देवपूर भागातून जातो. त्या रस्त्यावर जुन्या बांधणीची मालमोटार वळविणारा चालक ज्याने पाहिला असेल, त्याला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेण्यास कित्येक पूर्ण फेरे लागतात हे माहीत असते. जड चाके हाताच्या बळाने वळविण्यासाठी दंतचक्रांचे मोठे गुणोत्तर घ्यावे लागते, हे त्याचे कारण. खेळयंत्रात वळविण्यासारखे काही जड नसतेच. शिवाय नाण्याच्या मोबदल्यात मिळणारा खेळ अवघ्या काही मिनिटांचा. तेवढ्यात नवख्यालाही चाकाची सवय व्हावी लागते. म्हणून पाऊण फेऱ्यात सारा रस्ता आवाक्यात आणणारे चाक रूढ झाले. ते खऱ्या मोटारीचे अपुरे अनुकरण नसून त्या खेळासाठी केलेली स्वतंत्र योजना होती, असेच म्हणावे लागेल.

पेडल : पायाच्या नियंत्रणाचा विकास हाताच्या मागून झाला. ‘स्प्रिंट २’ मधील अ‍ॅक्सिलरेटर हा वस्तुतः पायाने दाबावयाचा स्विच होता. त्याला चालू व बंद या दोनच अवस्था ठाऊक होत्या, आणि वेगावरील खरे नियंत्रण चार स्थानांच्या गिअरकडे होते. ‘पोल पोझिशन’ मध्ये अ‍ॅक्सिलरेटर सदृश झाला, म्हणजे तो किती दाबला हे यंत्र मोजू लागले. या खेळाच्या उभ्या कपाटात ब्रेक नव्हता, तर बसून खेळावयाच्या कपाटात तो होता. एकाच आज्ञावलीची दोन शरीरे होती, असे यावरून म्हणता येईल. आणि एम्युलेटरवर खेळणाऱ्याने आपण कोणते शरीर उभे करीत आहोत, हे आधी ठरविलेले बरे.

‘आउट रन’ हा यू सुझुकी यांनी रचलेला खेळ चार निरनिराळ्या कपाटांतून विकला गेला. त्यांतील सर्वांत मोठे कपाट मोटारीच्या आकाराचे असून वळणाबरोबर स्वतः हलत असे, आणि मोटार रस्त्याखाली उतरली की स्टिअरिंगमधील विद्युत् चलित्र थरथरत असे. या खेळाची नियंत्रणे अनुकरणाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. परिवर्तकातून ० ते २५५ अंक मिळू शकत असले, तरी स्टिअरिंगसाठी सुमारे ३२ ते २२४ हाच पल्ला वापरला जातो व १२८ हा मध्य धरला जातो. पेडलसाठी तर सुमारे ४८ ते १४४ एवढाच भाग वापरात येतो. उरलेला पल्ला वाया गेला असे नाही. पेडलचा कोन लहान असल्यामुळे पॉट पूर्ण फिरत नाही. शिवाय पट्टीची टोके सोडून मधला भाग वापरला, तर जोडणीतील थोडा फरक किंवा झीज सहन होते. दिवसाला शेकडो लोकांनी लाथाडलेले पेडल काही महिन्यांनी जागचे थोडे सरकणारच, हे गृहीत धरून ही आखणी केलेली होती.

पेडलच्या बाबतीत सर्वांत पुढे गेलेला खेळ अटारी गेम्स कंपनीचा ‘हार्ड ड्रायव्हिन’ (१९८९) हा होय. त्यात क्लच, चार गिअर व न्यूट्रल आणि मोटार सुरू करण्याची किल्लीही होती. स्टिअरिंगला जोडलेले चलित्र रस्त्याचा प्रतिकार हातापर्यंत पोहोचवी. बसून खेळावयाच्या कपाटातील ब्रेक मात्र विशेष लक्षणीय आहे. तो जवळजवळ हलत नाही. पेडल किती खाली गेले हे न मोजता पायाने त्यावर किती बळ लावले हे विकृतिमापकाने मोजले जाते. खऱ्या मोटारीतही ब्रेक दाबल्यावर पाय प्रथम थोडा खाली जातो आणि त्यानंतर वाढते ते केवळ बळ. तेव्हा चालकाच्या पायाला जे कळते ते अंतर नसून दाब असतो. ही गोष्ट ओळखून ती नाण्याच्या यंत्रात आणण्याचे श्रेय या खेळाला द्यावे लागते. घरगुती वापराच्या उंची पेडल-संचांत बळ मोजणारा ब्रेक पुष्कळ नंतर आला.

यानंतरच्या काळात सेगाच्या ‘व्हर्च्युआ रेसिंग’ (१९९२) व ‘डेटोना यूएसए’ (१९९४) आणि नाम्कोच्या ‘रिज रेसर’ (१९९३) या खेळांनी त्रिमितीय चित्रण रूढ केले. नियंत्रणांच्या दृष्टीने त्यांतील नवी गोष्ट म्हणजे सेगाने स्टिअरिंगच्या चलित्रासाठी वेगळा मंडलफलक व त्यावर स्वतंत्र सूक्ष्मप्रक्रियक ठेवला. मुख्य आज्ञावली त्याला थोडक्यात हुकूम देई आणि हातावर किती जोर लावावयाचा हे तो फलक ठरवी. या फलकाची स्मृतिका वेगळी असल्यामुळे ती वेगळी जपावी लागते. ती हरवली, तर खेळ चालतो. पण चाक मुके होते.

अनुकरणाचा प्रारंभ : इटलीतील निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ या एम्युलेटरची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. प्रारंभी केवळ ‘पॅक-मॅन’ जातीच्या यंत्रांपुरती असलेली ही प्रणाली अनेक देशांतील स्वयंसेवकांच्या श्रमाने वाढत गेली व २०१६ मध्ये तिची मूळ आज्ञावली मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली झाली. जुन्या यंत्रांची अंतर्रचना नोंदवून ठेवणे हा तिच्या कर्त्यांनी आपला मुख्य हेतू मानला आहे. खेळता येणे हा त्या नोंदीचा पडताळा. अर्थात एम्युलेटर व खेळाची आज्ञावली या भिन्न गोष्टी होत. भारतात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावली कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कक्षेत आल्या; म्हणून जुन्या खेळांच्या आज्ञावलींची प्रत कोठून व कोणत्या अधिकाराने मिळविली, हा प्रश्न खेळ कितीही जुना झाला तरी आपोआप सुटत नाही.

घरगुती संगणकाला चाक जोडण्याची सोय मुळात याहून जुनी आहे. आयबीएम कंपनीच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकासाठी खेळदांड्याची जी जोडणी होती, तीत पॉटच्या रोधातून एक धारित्र भारित होण्यास किती वेळ लागतो, हे आज्ञावली मोजत बसे. वेळ साधारणतः सहस्रांश सेकंदाच्या घरात असे, आणि संगणकाचा वेग बदलला की माप बदले. अशा एका जोडणीवर चारच अक्ष मिळत. ते वाचविण्यासाठी अनेक संचांत अ‍ॅक्सिलरेटर व ब्रेक एकाच अक्षाची दोन टोके म्हणून जोडीत. परिणामी दोन्ही पेडल एकदम दाबली, तर ती एकमेकांना खोडून काढीत. वळणापूर्वी वेग न सोडता ब्रेकवर हलकेच पाय ठेवणाऱ्या खेळाडूला असा संच निरुपयोगी ठरे. यूएसबी जोडणी रूढ झाल्यावर ही अडचण मुळात उरली नाही. तथापि काही चाकांत जुन्या खेळांच्या सोयीसाठी जोड-अक्षाची व्यवस्था मागे राहिली आणि ती चालू असल्याचे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत दूरचित्रवाणीला जोडावयाची आठ बिटांची खेळयंत्रे आली आणि कोनामी कंपनीच्या ‘रोड फायटर’ (१९८४) सारखे खेळ मुलांना माहीत झाले. परंतु तेथे स्टिअरिंगच्या जागी डावे व उजवे अशी दोन बटणे होती. मोटारीचे खेळ म्हणजे बोटांचे खेळ अशी समजूत त्यामुळे एका पिढीची झाली. संगणकाच्या कळफलकावर एम्युलेटर चालविणाऱ्याची स्थितीही तीच असते. कळ दाबून धरली की एम्युलेटर काल्पनिक चाक ठराविक गतीने फिरवितो व सोडली की ठराविक गतीने मध्यावर आणतो. या दोन्ही गती ‘मेम’ मध्ये बदलता येतात. त्या कितीही नीट बसविल्या, तरी चाक अर्ध्यावर धरून ठेवणे कळीला जमत नाही.

जुळणी : खरे चाक व पेडल जोडल्यावर खेळाडूच्या हालचालीचे माप तीन ठिकाणांहून जाते : प्रथम चाकाची स्वतःची प्रणाली, नंतर एम्युलेटर आणि शेवटी खेळाची मूळ आज्ञावली. तिन्ही ठिकाणी त्यात फेरफार होऊ शकतो. एकाच दोषाची दुरुस्ती दोन ठिकाणी केली, तर तिसराच दोष उद्‌भवतो. म्हणून जुळणी याच क्रमाने, उगमाकडून, करावयाची असते.

अलीकडच्या घरगुती चाकांची फिरत पुष्कळदा ९००° म्हणजे अडीच फेरे इतकी असते. २००६ च्या लॉजिटेक ‘जी २५’ मध्ये ती तेवढीच होती. ही फिरत खऱ्या मोटारीसारखी असली, तरी ‘आउट रन’च्या चाकाच्या ती ३⋅३ पट भरते. ती तशीच ठेवल्यास मूळ यंत्रात १३५° फिरवून जे वळण मिळे, त्यासाठी ४५०° फिरवावे लागतात व मोटार प्रत्येक वळणावर रस्त्याबाहेर जाते. उपाय सोपा आहे : चाकाच्या प्रणालीतच फिरत २७०° वर आणावी. पुष्कळजण त्याऐवजी एम्युलेटरमधील संवेदनशीलता वाढवितात. तसे केल्यास टोके लवकर गाठली जातात हे खरे, परंतु मध्याजवळचे चाक अतिशय चंचल होते आणि सरळ रस्त्यावरही मोटार डुलत राहते.

दुसरी बाब निष्क्रिय क्षेत्राची. ‘मेम’ हा मुख्यतः खेळदांडे डोळ्यांसमोर ठेवून रचलेला असल्याने मध्याभोवतीची किरकोळ हालचाल दुर्लक्षिण्याची व्यवस्था त्यात आहे. हे क्षेत्र बराच काळ मुळात ०⋅३, म्हणजे मध्यापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या तीन-दशांश एवढे ठेवलेले असे. सैल झालेल्या खेळदांड्याला ते उपकारक, चाकाला मारक. ९००° फिरणाऱ्या चाकावर मध्यापासून एका बाजूला ४५०° मिळतात, आणि त्यांचे तीन-दशांश म्हणजे बरोबर १३५°. मूळ यंत्रातील चाकाची एका बाजूची सबंध फिरत जेवढी, तेवढे चाक फिरविले तरी पडद्यावर काहीच घडत नाही! असा अनुभव आलेला मनुष्य चाक बिघडले असे समजून ते परत करावयास निघाला, तर त्याला दोष देता येत नाही. चाकासाठी हे मूल्य शून्य करावे. याच्या उलट बाजूस संपृक्ततेचे मूल्य असते. ते ०⋅८५ असताना शेवटचे पंधरा शतांश अंतर निरर्थक होते, म्हणून ते १ करणे श्रेयस्कर.

पेडलच्या बाबतीत दिशा प्रथम तपासावी. काही संचांत पेडल मोकळे असताना अंक कमाल व दाबल्यावर किमान असतो. अशा वेळी मोटार आपोआप धावत सुटते व पाय ठेवला की थांबते. एम्युलेटरमध्ये अक्ष उलटा करण्याची सोय असते. त्यानंतर जोड-अक्ष चालू नाही ना, हे पाहावे.

शेवटी खेळाची स्वतःची चाचणी-अवस्था उघडावी. मूळ यंत्रांत कपाटाच्या दारामागे एक स्विच असून तो दाबला की चाकाचे व पेडलचे अंक पडद्यावर दिसत. पॉट बदलल्यावर कारागीर तेथेच चाक दोन्ही टोकांना नेऊन व पेडल पूर्ण दाबून यंत्राला नवी मापे शिकवीत असे. ‘हार्ड ड्रायव्हिन’ सारख्या खेळांत ही पायरी गाळता येत नाही. मापे शिकविली नाहीत, तर मोटार एका बाजूला खेचली जाते किंवा ब्रेक लागलेलाच राहतो. मापे एकदा दिली की एम्युलेटर ती मूळ यंत्रातील टिकाऊ स्मृतीप्रमाणे जपून ठेवतो. व्हिडिओ पार्लरमधील कारागिराचे काम अशा रीतीने आज प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला आले आहे.

मध्य नसलेल्या स्टिअरिंगचे खेळ मात्र या कोणत्याही उपायाने पूर्णपणे जुळत नाहीत. ‘पोल पोझिशन’ ला चाकाचे स्थान नको असते, त्याला हवी असते ती त्याची गती व दिशा. अडणी व स्प्रिंग असलेले चाक त्याला जोडले, तर आज्ञावलीने धरलेला मध्य व हातातील चाकाचा मध्य यांत हळूहळू अंतर पडते. काही वळणांनंतर चाक तिरके धरले असता मोटार सरळ जाऊ लागते. अशा खेळांसाठी मोकळेपणी फिरणारी व प्रकाशग्राहक असलेली खुंटी किंवा चाक वेगळे बनवून घेणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. संगणक अशा चाकाला उंदरासारखे, म्हणजे माउससारखे, ओळखतो. आणि चेंडू असलेल्या जुन्या माउसमधील खाचांची चकती व ‘पोल पोझिशन’च्या चाकामागील चकती यांचे तत्त्व एकच असल्याने अनेकांनी जुने माउस खोलून हे काम साधले आहे.

गिअरच्या दांड्याचा प्रश्न त्यामानाने लहान. ‘आउट रन’ मध्ये दोनच गिअर असून दांडा ज्या स्थानी ठेवला तेथेच राहतो. घरगुती चाकावरील बटण मात्र सोडताच परत येते. एम्युलेटरमध्ये बटणाला आळीपाळीने बदलणारा स्विच मानण्याची सोय आहे, ती वापरावी.

स्वतः बनविलेले संच : तयार चाकांच्या किमती मोठ्या असल्याने व ती खेळयंत्रासाठी बनविलेली नसल्याने स्वतः संच बांधण्याकडे अनेकांचा कल असतो. इटलीतील इव्ह्रेआ येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या आर्डुइनो या मंडलफलकांच्या मालिकेमुळे हे काम विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले. त्यातील ‘लिओनार्डो’ हा २०१२ चा फलक संगणकाला थेट खेळदांडा म्हणून ओळख देऊ शकतो. त्याचा परिवर्तक दहा बिटांचा असल्यामुळे ० ते १०२३ अंक मिळतात, म्हणजे ‘आउट रन’च्या परिवर्तकाच्या चौपट. देवपूरसारख्या भागात, जेथे एका बाजूस अभियांत्रिकी महाविद्यालय व दुसऱ्या बाजूस महामार्गावरील मोटारदुरुस्तीची दुकाने आहेत, तेथे लागणारे सामान मिळविणे कठीण नाही : भंगारातील लहान मोटारीचे स्टिअरिंग, दोन बेअरिंगे, दारांच्या स्प्रिंगा, रेषीय जातीचा दहा हजार ओहमांचा पॉट. आवाजाच्या खुंटीसाठी मिळणारा लघुगणकीय पॉट चुकूनही घेऊ नये. दिसावयास तो सारखाच असतो, परंतु त्याचा रोध एका बाजूस झपाट्याने व दुसऱ्या बाजूस सावकाश बदलत असल्यामुळे मोटार उजवीकडे चटकन व डावीकडे रेंगाळत वळते. चाकाच्या अडण्या लोखंडाच्या व भक्कम असाव्यात आणि त्या दांड्यावर बसवाव्यात. पॉटच्या आतील अडणीवर विसंबून राहिल्यास पहिल्याच जोराच्या वळणात पॉट निकामी होतो. कार्बनची पट्टी झिजून अंक थरथरू लागल्यास पॉटऐवजी चुंबक व हॉल परिणामावर चालणारा संवेदक बसवितात. त्यात घासणारा भाग नसल्यामुळे झीज होत नाही. ब्रेकसाठी घट्ट रबराच्या ठोकळ्यामागे वजनकाट्यातील विकृतिमापक बसविला, तर ‘हार्ड ड्रायव्हिन’च्या मूळ ब्रेकशी बराच जवळचा अनुभव मिळतो. विकृतिमापकाचा संकेत अत्यंत दुर्बळ असल्याने त्याला स्वतंत्र विवर्धक मात्र जोडावा लागतो.

मूळ कपाटे जपण्याचे प्रयत्नही चालू आहेत. अमेरिकेत रॉचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालयात नाण्याच्या खेळयंत्रांचा मोठा संग्रह आहे. अशा संग्रहातील चालू स्थितीतील यंत्रांवरून चाकाची फिरत, स्प्रिंगेचा ताण व पेडलचा कोन प्रत्यक्ष मोजून घेता येतो. खेळाच्या आज्ञावलीची प्रत एकदा उतरविली की ती झिजत नाही. या मापांची मात्र स्प्रिंग बदलण्यापूर्वीच नोंद करून ठेवावी लागते.